रंगरावांची पाणसळ

रंगरावांना तिरकं काही खपत नसे. पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं टर्नर होते. आधी पाणसळ ठेवायची, बुडबुडा मधोमध आला की मगच कामाला हात लावायचा. पुढे संगणकावर चालणारी मशिनं आली आणि रंगरावांना हार घालून घरी बसवलं. कसब्यातल्या खोलीत त्यांचा छोटा लेथ तेवढा उरला. तोही पंधरवड्यानंतरच्या सोमवारी भंगारवाला नेणार होता.

"आमच्या कंपनीत छोट्या, हातभर लांबीच्या ट्रॅक्टरांची स्पर्धा आहे, बाबा," लेक नम्रता म्हणाली. "एक करा. हरलात तर खुशाल द्या लेथ."

म्हाताऱ्याला तेवढंच हवं होतं. पंधरा दिवस लेथ फिरत राहिला.

रविवारी कंपनीच्या आवारात मातीचा पट्टा आखला होता, तीस फुटांवर चुन्याची रेघ. ट्रॅक्टरमागे घसरगाडी जोडायची. ती ओढली जाईल तसतसं तिच्यावरचं वजन पुढे सरकायचं आणि ओढ वाढत जायची. प्रत्येकाला दोन संधी; सगळ्यात लांब ओढेल तो जिंकला. राकेश नावाच्या इंजिनिअरचा परदेशी ट्रॅक्टर सव्वीस फूट गेला. टाळ्या पडल्या.

रंगरावांनी खिशातून पाणसळ काढली, ट्रॅक्टर अगदी सपाट केला आणि सोडला. बारा फुटांवर त्याचं नाक वर उचललं गेलं आणि तो जागीच थांबला. कोणीतरी हसलं. रंगरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोमवार उद्यावर आला होता.

ते उकिडवे बसून मातीतल्या चाकोऱ्या बघत राहिले. मग त्यांनी कपाळावर हात मारला. उभ्या ट्रॅक्टरला पाणसळ लावून काय उपयोग, मूर्खा? तो सपाट व्हायला हवा ओझ्याखाली!

ट्रॅक्टरच्या मागे लावलेली वजनं त्यांनी काढून पुढे टांगली. पुढची मऊ रबरी चाकं दबली, ट्रॅक्टर नाकावर झुकला. तीस वर्षांची सवय आतून ओरडत होती.

"काका, ट्रॅक्टर नमस्कार करतोय," राकेश म्हणाला.

"करू दे. आमच्याकडे वाकूनच करतात."

ट्रॅक्टर सुटला. वीस फुटांवर ओझं वाढलं, नाक उचलत आलं आणि बरोबर सपाटीला थांबलं. सव्वीस. अठ्ठावीस. चुन्याची रेघ पार! नम्रता लहान मुलीसारखी किंचाळली.

"काका, ही चाकं कुठून मागवलीत?" राकेशने विचारलं.

"मागवली नाहीत. लेथवर केली," रंगराव म्हणाले.

सोमवारी सकाळी भंगारवाला दारात उभा राहिला.

"आलात? बसा. चहा घ्या," लेथ न थांबवता रंगराव म्हणाले. "न्यायला मात्र काही नाही."