नंतेझाची पेन्सिल

सातवीतल्या नंतेझाला मी दिलेली पेन्सिल तिच्या घराच्या खिडकीत पडून होती, सहा आठवड्यांत एक मिलिमीटरही झिजली नव्हती. साथीने शाळा बंद होती. दर सोमवारी मी गावात घरोघरी अभ्यासाचे कागद द्यायचे, सोडवलेले परत घ्यायचे. नंतेझाची उत्तरं निळ्या शाईत, तिच्या आईच्या अक्षरात यायची. मी मुकाट्याने बरोबरच्या खुणा करायचे.

"नंतेझाच्या आई, पोरगी कुठंय?"

"विहिरीवर."

"सहा सोमवार? विहीर आटली असेल आता."

ती हसली नाही. हिरवी केळी सोलत राहिली.

"राजधानीत धाडलीय, कंपालाला, लोकांच्या धुण्याभांड्याला. पटावरून नाव काढू नका, बाई. भागाकार शिकतेय मी."

नवे कागद मी परत पिशवीत ठेवले.

"उद्या पहिल्या बसने आपण दोघी तिला आणायला जाऊ," मी म्हणाले.