तंबाखूच्या डबीतून आलेली राणी

मित्रांनो, मी एक म्हातारी कोमाकुसा आहे, जपानच्या उंच डोंगरांवरचं रोपटं. उंची वीतभरही नाही, मूळ मात्र हातभर. फूल गुलाबी, शिंगराच्या तोंडासारखं. जिथे खडी सतत घसरते आणि दुसरं काही टिकत नाही, तिथे आम्ही राहतो. लोक मला डोंगरफुलांची राणी म्हणतात. म्हणोत बापडे! आज ही राणी उपटून पोत्यात भरली आहे.

हा डोंगर माझा नव्हेच. इथे डोंगर चढणाऱ्यांसाठी एक मुक्कामघर आहे, त्याचे मालक इवाओ. त्यांची बायको त्सुरुयो उत्तरेकडची, तिच्या माहेरच्या डोंगरावर आम्ही ढिगाने फुलतो. "एकदा माहेरी नेता का हो? फुलं बघावीशी वाटतात," ती दर उन्हाळ्यात म्हणायची.

"अगं, ऐन हंगामात मुक्कामघर कुणाच्या गळ्यात मारू? हंगाम संपू दे."

हंगाम संपला की फुलंही संपलेली असत. पुढे त्सुरुयो आजारी पडली, तिला प्रवास झेपेना. मग इवाओ एकटेच गेले आणि तंबाखूच्या डबीतून आमचं बी घेऊन आले. मुक्कामघरामागच्या खडीत त्यांनी ते पेरलं. मला फुलायला सहा वर्षं लागली. त्सुरुयो दुसऱ्याच हिवाळ्यात गेली.

तिच्या वाटची सगळी माया मग माझ्या वाट्याला आली. इवाओंनी माझ्याभोवती दगड रचले, दोरी बांधली. कुणी दोरी ओलांडली की ओरडायचे, "ए शहाण्या, डोळे काय दुर्बिणीत विसरलास?" लोक गुडघे टेकून माझे फोटो काढत.

खरं सांगते, मी माजले. या खडीत पिवळी रानफुलं राहायची, इथलीच, पिढ्यान्पिढ्यांची. माझ्या पोराबाळांनी त्यांची जागा बळकावली. त्यांचे फोटो कोण काढतो? पण गेल्या वर्षी वनस्पतींचे जाणकार आले, त्यांनी मोजमाप केलं. यंदा हुकूम आला, बाहेरची कोमाकुसा समूळ काढा.

आता मुक्कामघर इवाओंची मुलगी शिझुए चालवते. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही दोन दिवस खाली गावात जा. मी उरकते."

"का? मी काय मेलोय?"

"आईची फुलं आहेत ती. तुम्हाला बघवणार नाही."

"आणि तुला बघवेल होय?"

शिझुएला रडू फुटलं. म्हातारबा तिच्या हातातली कुदळ घेऊन खडीत बसले. "सर बाजूला. पेरताना मी कुणाला विचारलं नव्हतं, उपटायला तुला कशाला लावू?"

माझं मूळ निघता निघेना, शेवटी तुटलं. इवाओंनी मला तळहातावर धरलं आणि म्हणाले, "तुला इथे आणायला नको होतं गं. तिला तिथे न्यायला हवं होतं."

मित्रांनो, मला पूर्ण वाळायला दोन-चार दिवस आहेत, तोवर सांगून ठेवते. रानातलं फूल रानातच राहू द्या. आणि घरातलं कुणी कुठे नेता का म्हणून विचारत असेल, तर त्याला हंगाम संपायच्या आत घेऊन जा.