मथळ्यातला नंबर

बाबांच्या उजव्या हाताचा अंगठा सेकंदाला साधारण पाच वेळा हलतो. मोबाइलवर चित्रीकरण करून, ते संथ चालवून मी मोजलं. हात मांडीवर स्वस्थ असला की अंगठा हलतो. काही उचलायला हात पुढे केला की थोडा वेळ थांबतो. त्या थोड्या वेळावर बाबांचा फार विश्वास. "बघ, कामाला लावलं की गुमान राहतो."

काम म्हणजे सूक्ष्मदर्शकांची दुरुस्ती. चाळीस वर्षं तेच. भिंगाभोवतीची कडी सोडवताना पाना अर्धा मिलिमीटर घसरला तरी काचेवर चरा पडतो. गेल्या वर्षभरात तीन भिंगं गेली. तिन्ही दादाने गुपचूप बदलून दिली.

बाबांकडे काम येणं थांबावं म्हणून सहा महिन्यांपूर्वी दादाने दुरुस्तीचंच दुकान वेगळ्या नावाने काढलं, नवी वेबसाइट केली. बाबांची जुनी वेबसाइट मी बनवलेली, म्हणून ती मिटवायचं काम माझ्याकडे आलं. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर धाडायचं, एवढंच. ते मी केलं. शिवाय सर्च इंजिनमधून जुनं नाव लवकर जावं म्हणून, त्याला जुन्या पत्त्यावर यायलाच मनाई करणारी एक ओळ लिहिली.

नाव गेलं नाही. शोधल्यावर येणाऱ्या यादीत खालचं वर्णन गळालं, पण मथळा राहिला, आणि मथळ्यातच बाबांचा मोबाइल नंबर होता. तो त्यांचाच हट्ट. "खाली कोण वाचतंय? वरच टाक." त्यामुळे लोक वेबसाइटवर जातच नव्हते. यादीतला नंबर बघून थेट फोन करत, आणि बाबा म्हणत, "पाठवा की."

"काय शास्त्रज्ञ, तुझं ते यंत्र बाबांच्या वरताण हट्टी निघालं," दादा म्हणाला. "आता काय त्याच्या पाया पडायचं?"

"वेळ लागतो," मी म्हणाले.

हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. चूक मला महिन्याभरापूर्वीच कळली होती. मनाई केली की सर्च इंजिन पान उघडतच नाही. उघडलं नाही तर पत्ता बदललाय हे त्याला कळणार कसं? त्याच्या लेखी बाबा अजून तिथेच होते. मनाईची ओळ खोडली असती तर त्याने नवा पत्ता पाहिला असता आणि जुनं नाव हळूहळू मागे पडलं असतं. मी रोज ती फाइल उघडायची, ओळ वाचायची आणि बंद करायची. नव्या वेबसाइटवर बाबांचं नाव कुठेच नव्हतं. दादाला वाटत होतं, मला जमत नाहीये. मी वाटू दिलं.

बुधवारी दुपारी बाबांनी हाक मारली. "जरा बघ गं यातून. मला नीट दिसत नाही."

एका कॉलेजच्या बाईंनी पाठवलेला सूक्ष्मदर्शक होता. त्याच्या आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावतो त्या नळीत, मोजपट्टी कोरलेली बारीक काच असते, ती बाबांनी पुसायला काढली होती. मी डोळा लावला. मोजपट्टीवरून एक तिरकी रेघ गेली होती.

"धूळ असेल," बाबा म्हणाले.

मी आयपीस फिरवला. मोजपट्टीबरोबर रेघही फिरली. "काच तर आत्ताच पुसलीत ना? धूळ नाही, बाबा. काचेवरच चरा आहे."

ते खुर्चीत बसले. "ही काच आता मिळत नाही. कंपनीच बंद पडली." मग त्यांनी खोक्यावरचं कॉलेजचं नाव वाचलं. "या बाईंना माझा नंबर मिळाला कुठून? तू तर बंद केलं होतंस ना?"

मी सगळं सांगितलं. एखाद्या बिघडलेल्या यंत्राबद्दल ऐकावं तसं त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे घर बदलल्याची चिठ्ठी लिहिलीस, ती घरात ठेवलीस आणि वर दाराला कुलूप घातलंस."

"हो."

"शाब्बास! आणि हे कळलं कधी?"

"महिना झाला."

का थांबलीस, असं त्यांनी विचारलं नाही. मांडीवर अंगठा हलत होता.

"ओळ खोडलीस की किती दिवसांत जाईल नाव?"

"सांगता येत नाही. सर्च इंजिन तिथे कधी फिरकेल हे आपल्या हातात नसतं. काही आठवडे. कदाचित महिने."

"तोवर फोन येणार."

"येणार."

"खोड."

मी लॅपटॉप आणला, ओळ खोडली, फाइल साठवली. मग सवयीने पुन्हा शोधून पाहिलं. बाबांचं नाव होतं तिथेच होतं, पुढे नंबर. बाबाही वाकून बघत होते. "अजून आहे की," ते म्हणाले. मी लॅपटॉप मिटला.

फोन वाजला तो त्यानंतर दहा-एक मिनिटांनी. नंबर अनोळखी होता. बाबांनी तो उचलला, हातातून सुटता सुटता दोन्ही हातांनी धरला.

"हो, मीच बोलतोय." पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. "बुरशी चढलीय का? कुठल्या भिंगावर?" त्यांचा आवाज खुलला, पाठ ताठ झाली, डावा हात आपसूक टेबलावरच्या पान्याकडे गेला. पान्याशेजारी ती चरा पडलेली काच होती. हात तिथेच थांबला.

"नाही, नका पाठवू," बाबा म्हणाले. "मी आता दुरुस्ती करत नाही."