वळणारी चाकं

काटकोन तपासायचा गुण्या लावून, एक डोळा मिटून तिने पाहिलं आणि चौथ्या पायाला वेल्डिंगचा टाका मारला. चेहऱ्यावरची काच वर केली, तर सासरे दारात उभे.

"कुणाची ऑर्डर?"

"आपलीच, बाबा. कटर मशीनला गाडी करतेय. चाकांची."

"हं," म्हणून त्यांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

लोखंड कापायचं ते मशीन म्हणजे चांगलंच धूड होतं. रात्री ते दुकानाच्या खोलीत कुलपात असायचं आणि दिवसा अंगणात, कारण लांब पाइप खोलीत मावायचे नाहीत आणि ठिणग्याही उडायच्या. रोज सकाळी घरातलं आवरून ती येईपर्यंत सासऱ्यांनी मशीन अंगणात आणून ठेवलेलं असायचं. ते तिने कधी सांगितलं नव्हतं, त्यांनीही कधी बोलून दाखवलं नव्हतं.

वेल्डिंगचं दुकान काढायचं म्हटल्यावर नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. नवऱ्याचं तळ्यात मळ्यात चाललं होतं. सासऱ्यांनी मात्र कुणालाच न विचारता पुढच्या खोलीतलं सामान बाहेर काढलं. जन्मभर बस चालवलेला माणूस. त्यांच्या लेखी गाडी एकदा सुटली की सुटली. घरी कुणी आलं की ते छाती काढून सांगत, "ही आमची सून. वेल्डर." त्या शब्दांचं ओझं तिला कधी वाटलं नाही, उलट त्यावर तिने दिवस काढले होते.

पण गेल्या आठवड्यात मशीन त्यांच्या हातातून निसटलं आणि अंगठ्याला चाटून जमिनीवर आदळलं. ती अंगणाच्या कोपऱ्यावरच होती. तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्यांनीही इकडेतिकडे बघून मशीन पुन्हा उचललं. त्याच दुपारी तिने गाडीसाठी पाइप बाजूला काढले.

गाडी झाली मात्र झोकात. मशीन कमरेच्या उंचीवर, बाजूला पाइप टेकवायला घडीचा हात, ढकलायला मूठ. चाकं बसवूनच तिने निळा रंग मारला. संध्याकाळी नवऱ्याने गाडीला एक फेरी मारली आणि खूश होऊन म्हणाला, "वा! आता बाबांना कायमची सुट्टी."

बोलून तो चहाला वर गेला. सासऱ्यांनी त्या संध्याकाळी चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ती खाली आली तेव्हा मशीन खोलीतच होतं. तिने गाडी ढकलली. उंबऱ्याजवळच्या उतारावरून ती अलगद अंगणात आली. काडीचाही त्रास नाही. तिला आनंद व्हायला हवा होता. तिसऱ्या दिवशीही तेच. सासरे वर बसून पेपर वाचत होते, जेवायला हाक मारली तरच येत होते. आल्यागेल्याला सांगायचं तेही बंद झालं होतं.

"बाबांना बरं नाही का?" तिने नवऱ्याला विचारलं.

"आराम करतायत. करू दे की."

त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तिने मशीन उतरवलं, गाडी आडवी केली आणि पाना घेऊन सगळी चाकं सोडवली. मुठीखालची वळणारी चाकं पुढे लावली, पुढची सरळ चाकं मुठीखाली. आपलं सरळ काम आपल्याच हाताने वाकडं करताना तिला कसंतरीच झालं. मशीन परत चढवून तिने जिन्याकडे तोंड करून हाक मारली.

"बाबा, जरा येता का? गाडी नीट चालत नाहीये. उतारावर भलतीकडेच तोंड करते."

वर पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. लगेच चपला वाजल्या.

त्यांनी मूठ धरली, गाडी उतारावर घेतली. गाडी झटकन भिंतीकडे वळली. त्यांनी ती सावरली, वाकून खाली पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी हसले.

"अगं, वळणारी चाकं कुठे लावलीस! बसमध्ये ड्रायव्हर पुढे बसतो, म्हणून चाकं पुढे वळतात. इथे ड्रायव्हर मागे उभा. मग वळायचं कुणी?"

"माझ्या लक्षातच आलं नाही."

"आण तो पाना."

दोघांनी मशीन उतरवलं, गाडी आडवी केली. ते फरशीवर मांडी घालून बसले आणि मुठीखालचं एक सरळ चाक सोडवू लागले. चाक निघालं आणि तिला आपली चूक दिसली. चाकावरची पट्टी होती अरुंद, पण तिच्याखाली निळ्या रंगात कोरी राहिलेली जागा चांगली मोठी, चौकोनी होती. सासऱ्यांनी वळणारं चाक उचलून त्या जागेवर टेकवलं. त्याची चौकोनी पट्टी तिथे काठोकाठ बसली.

त्यांनी चाक उचललं, पुन्हा टेकवलं. मग कोऱ्या लोखंडावरून अंगठा फिरवला. ती पान्याकडे बघत राहिली.

ते एकेक बोल्ट घट्ट करत गेले, घाई न करता. शेवटचा आवळून झाल्यावर हात पुसत म्हणाले, "निवृत्तीच्या दिवशी डेपोत सगळे खरं बोलले. दमलात, आता आराम करा म्हणाले. साहेब बोलले, दोस्त बोलले. घरी आलो तर इथेही तेच."

"बाबा..."

"तू खोटं बोललीस. फार बरं वाटलं गं."

तिचे डोळे भरून आले. तिने ते हातमोज्यानेच पुसले आणि गालावर काळा पट्टा ओढला गेला. दोघांनी गाडी उभी केली, मशीन चढवलं. सासऱ्यांनी मूठ धरली, खाकरून घसा साफ केला.

"हो बाजूला," ते म्हणाले. "उतार आहे."