गवती चहाचं तेल आणि दादाचा पाय

दादाचा पाय मधुमेहाने नेला असं सगळे म्हणतात. खरं आहे ते. पण मधुमेहाच्या जोडीला मीही होते, हे कुणी म्हणत नाही.

दादा गवती चहाचं तेल काढायचा. घरामागच्या शेडमध्ये त्याची भट्टी होती. खाली जाळ, वर पातीने गच्च भरलेली टाकी आणि थंड पाण्यातून जाणारी नळी. नळीच्या टोकाशी वाफेचं पाणी व्हायचं, त्यावर पिवळसर तेल तरंगायचं. वडील गेल्यावर त्याने शाळा सोडून भट्टी धरली आणि मला शिकवलं. त्याच्याच जिवावर मी सुगंधी तेलांच्या प्रयोगशाळेत लागले, आणि तो मला जन्मभर ‘मास्तरीण’ म्हणत राहिला. कौतुक निम्मं, टोमणा निम्मा.

त्याचं तेल मीच तपासायचे. यंत्र तेलातली द्रव्यं एकेक करून सुटी करतं आणि आलेखावर त्यांची शिखरं उमटवतं. दादाच्या तेलात लिंबासारखा वास देणाऱ्या सिट्रलचं शिखर सगळ्यांत उंच, ऐंशी टक्क्यांच्या आसपास. त्याला टक्क्यांशी देणंघेणं नव्हतं. “म्हणजे बरं आहे ना?” एवढंच विचारायचा.

एकदा त्याला नवा बूट चावला. पाय बधिर, त्यामुळे कळलं नाही. जखम महिना झाला तरी भरेना. तेव्हा मला अवदसा आठवली. जखमेवरून कापूस फिरवून मी प्रयोगशाळेत नेला, त्यातले जंतू काचेच्या बशीत वाढवायला घातले आणि मधोमध त्याच्याच तेलात भिजवलेली कागदाची चकती ठेवली. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंची साय धरली होती, आणि चकतीभोवती स्वच्छ मोकळं कडं. अठ्ठावीस मिलिमीटर. मला कुठला दम निघतोय? दादाला बोलावून घेतलं. लंगडत दोन जिने चढून आला.

“हे जंतू माझे?”

“तुझेच.”

“आणि ज्याने मेले ते तेलही माझं?”

“तुझंच रे.”

“म्हणजे इतकी वर्षं मी औषध काढतोय की, मास्तरीणबाई!”

इतकं खूश मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याने मोबाइलवर बशीचे चार फोटो काढले.

तेव्हाच सांगायला हवं होतं की बशी म्हणजे पाय नव्हे. बशीत रक्त नसतं, पू नसतो. जखमेतली प्रथिनं तेलाला धरून बसतात, बरंचसं तेल हवेत उडून जातं, आणि जंतू मरतील इतकं जहाल लावावं तर कातडी भाजते. शिवाय त्या कापसावर तीन जातींचे जंतू होते. बशीसाठी मी त्यातला सगळ्यांत छान वाढणारा तेवढा उचलला होता. हे सगळं मी प्रयोगशाळेत शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी घसा फोडून सांगते. दादाला मात्र म्हणाले, “अजून बरेच प्रयोग करावे लागतील हं.” तेही हसत हसत. त्याचा आनंद मोडवेना, आणि खरं सांगायचं तर मलाही भाव खायचा होता.

जखम चिघळली तेव्हा सर्जननी पायाची दोन बोटं काढायला सांगितली. दादाने त्यांना फोटो दाखवला. “माझ्या बहिणीने सिद्ध केलंय,” म्हणाला आणि उठून आला. मला हे वहिनीकडून कळलं, तीन आठवड्यांनी. मी धावत गेले, ओरडले, हातापाया पडले. तोवर पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. गुडघ्याच्या वरून कापावा लागला. तरी ताप उतरेना, जंतू रक्तात गेले होते.

वॉर्डात भेटायला येईल त्याला तो सांगायचा, “तेल एक नंबर. मीच आळशी. मनात येईल तेव्हा लावायचो.”

शेडमधल्या दोन मोठ्या बाटल्या तळापर्यंत रिकाम्या झालेल्या मी पाहिल्या होत्या. वहिनी दिवसभर कामावर असायची, तिला काय ठाऊक? सगळे गेल्यावर मी त्याच्याजवळ बसले आणि जे तेव्हा सांगायचं होतं ते सांगितलं. रडत, अडखळत, सगळं.

“माहितीये,” तो म्हणाला. “पाय कापल्यावर सर्जननी समजावलं. आता तू गप्प बस. मी काय, आळशी म्हणून चालून जाईन. तुला निवृत्त होईपर्यंत त्या बशा भरायच्यात.”

चौथ्या दिवशी दुपारी दादा गेला.

आठवडाभर माणसांची रीघ होती. ती ओसरल्यावर वहिनी आणि मी ओट्याशी कप धूत होतो. ती एकदम म्हणाली, “तुम्ही औषध हातात दिलंत, ताई. आणि या माणसाला ते लावायचा कंटाळा! माझ्यासाठी एवढंसुद्धा करवलं नाही त्यांना.” रडत नव्हती, रागारागाने कप घासत होती.

दादाने गप्प बसायला सांगितलं होतं. पण असं ऐकून कसं गप्प बसायचं?

“वहिनी, त्याने रोज लावलं. भरपूर लावलं. त्या तेलाने पाय बरा होणारच नव्हता. ते मला माहीत होतं आणि मी त्याला सांगितलं नाही.”

नळ चालूच होता. तिने तो बंद केला.

“म्हणजे त्यांनी कसूर केली नव्हती.”

“नाही.”

ती खाली बसली आणि तो गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. मी हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. बऱ्याच वेळाने पदराने तोंड पुसून म्हणाली, “ताई, तुम्ही आता जा.”

मी निघाले. उरलेले कप तसेच राहिले.