दगडाची खूण

योगीराजने चेंबर रॉकेलने धुऊन, पुसून कोरडं केलं आणि काउंटरच्या काचेवर पालथं ठेवलं. मग गुडघ्यावर बसून डोळा काचेच्या पातळीला आणला आणि कडेखालून पाहू लागला. कड सरळ असती तर सगळीकडून काचेला चिकटली असती. इथे ती बोल्टच्या भोकांपाशी तेवढी टेकत होती. दोन भोकांच्या मधला पत्रा उचलला गेला होता आणि पलीकडच्या दाराचा उजेड त्या फटींतून आरपार दिसत होता.

चेंबर म्हणजे काही मोठी वस्तू नव्हे. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सच्या बुडाशी बसणारी पत्र्याची उथळ परात. तिच्यात लाल तेल असतं, आणि सिद्धोधन सरांच्या वीस वर्षं जुन्या गाडीतून ते गेले सात महिने गळत होतं. मानवतच्या या गॅरेजात योगीराजने ते तीनदा थांबवलं होतं. म्हणजे थांबलं असं तीनदा सांगितलं होतं.

त्याने चेंबर उलटून बुडावरून बोट फिरवलं. खालचा काळा रंग शाबूत होता, साधा ओरखडाही नव्हता. भोकं मात्र चौदाच्या चौदा सारखीच खचली होती. दगड काही एवढा शिस्तीचा नसतो, की मोजून चौदा ठिकाणी तेवढाच लागेल. हे काम पान्याचं होतं आणि पाना योगीराजच्या हातात होता.

त्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. गॅरेजात दुसरं कुणी नव्हतं, तरी त्याने चेंबर पटकन फडक्यात गुंडाळलं.

योगीराज शिकला तो ट्रॅक्टर आणि जीपवर. तिथलं शास्त्र सोपं. गळतंय? आवळ. तरी गळतंय? अजून आवळ. बिडाच्या जाड लोखंडाला हे चालून जातं. सरांच्या गाडीलाही त्याने पहिल्यांदा तेच औषध दिलं. दुसऱ्यांदा नवं पॅकिंग टाकलं, त्यावर बोटभर सिलिकॉन थापलं आणि पाय भिंतीला टेकवून बोल्ट आवळले. तिसऱ्यांदाही तेच, फक्त जोर वाढवून. आता गाडी चौथ्यांदा आल्यावर, आदल्या दिवशी त्याने नांदेडच्या मोठ्या वर्कशॉपमधल्या परमेश्वरला फोन लावला, तेव्हा त्याने एकच गोष्ट विचारली, की आवळतोस किती? योगीराजने मोठ्या तोऱ्यात सांगितलं, अंगातलं सगळं बळ लावून. पलीकडे परमेश्वर हसत सुटला. पत्रावळीचा द्रोण हाय तो, म्हणाला, दोन बोटांनी आवळायचा. जितका आवळशील तितका गळल.

एवढंच असतं तर योगीराजने हसून सोडून दिलं असतं. चुकत कोण नाही? पण चार महिन्यांपूर्वी, गाडी तिसऱ्यांदा आली तेव्हा, तो एक वाक्य बोलून बसला होता.

त्या दिवशी गॅरेजात माणिकराव ट्रॅक्टर घेऊन आले होते. गावातलं वजनदार माणूस, त्यांच्या घरचे तीन ट्रॅक्टर योगीराजकडेच येत. त्यांच्यासमोरच सरांनी विचारलं, की योगीराज, दोनदा काम करूनही तेल का गळतं? सर रागावलेले नव्हते. गणिताचे निवृत्त शिक्षक, गणित कुठे चुकलं ते विचारावं तसं विचारलं. पण योगीराजला ते झोंबलं. सर डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर क्लच दाबता येत नाही म्हणून ही गाडी घेऊन बसलेले. कुणाच्या घरी गेले की डिकीतून सिमेंटची रिकामी गोणी काढून गाडीखाली अंथरायचे. दुसऱ्याच्या अंगणात आपला डाग नको, असं त्यांचं म्हणणं. माणिकरावांच्या अंगणातही त्यांनी ती अंथरली होती, आणि माणिकराव ते गॅरेजात हसून सांगत होते. गोणी सरांची होती, पण ती अंथरायची वेळ योगीराजच्या कामाने आणली होती, हे ऐकणाऱ्याला कळत होतं.

तेव्हा उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. योगीराज म्हणाला, "खालून दगड लागलाय, सर. चेंबर वाकलंय. कोण चालवतंय गाडी?"

सर म्हणाले, मी चालवतो आणि सुकेशनी. सुकेशनी त्यांची मुलगी, पाथरीच्या बाजूच्या एका उपकेंद्रात नर्स. सहा महिन्यांपूर्वी परवाना काढून ती हीच गाडी कामावर नेत होती. त्या दिवशी ती तिथेच, दाराशी उभी होती.

"नवा हात हाय. लागला आसंल कुठंतरी," योगीराज म्हणाला. माणिकरावांनी मान डोलावली, पोरींच्या हातात गाडी दिली की असंच, म्हणाले. सुकेशनीने वडिलांकडे पाहिलं. सर काहीच बोलले नाहीत. तिचं ते पाहणं योगीराजला तिची चोरी सापडल्यासारखं वाटलं होतं आणि आपला बाण बरोबर बसला म्हणून बरंही वाटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी सातच्या एसटीला उभी दिसू लागली. बस फाट्यावर सोडते, पुढे तीन किलोमीटर पायी. योगीराज रोज शटर उघडताना तिला पाहायचा. आधी त्याला काही वाटत नसे. मग तो तोंड फिरवू लागला. आता तर शटरच साडेसातला उघडत होता.

त्याने लाकडी ठोकळा घेतला, चेंबरची कड त्यावर टेकवली आणि एकेक भोक हातोडीने हलकं हलकं ठोकून बसवलं. दर चार ठोक्यांनी तो ते काचेवर ठेवून पाहायचा. दुपार झाली तेव्हा कुठे फट मिटली. जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडून काढलं, नवं रबरी पॅकिंग कोरडंच बसवलं. गॅरेजातल्या खड्ड्यात, गाडीखाली उतरून बोल्ट आधी बोटांनी लावले, मग परमेश्वरने सांगितलं तसे समोरासमोरचे, थोडे थोडे, आखूड पाना दोन बोटांत धरून. हात सवयीने जोर करायला जायचा, तो आवरावा लागत होता. लाल तेल भरून त्याने इंजिन दोन तास चालू ठेवलं, मध्ये गावाबाहेर चक्कर मारून आला. खालचा कागद कोरडा राहिला.

आता गाडी देऊन मोकळं होता आलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. गळती थांबली, सर खूश, दगडाची गोष्ट चार महिन्यांत जुनी झालेली. पण संध्याकाळी पाच वाजता समोरच्या थांब्यावर पाथरीची एसटी येऊन थांबली आणि सुकेशनी उतरली. पर्स खांद्याला, हातात लसींचा रिकामा डबा, चपलांना धूळ. योगीराज गाडीमागे सरला आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा राहिला. आपण एका पोरीपासून लपतोय, चाळिशीचा माणूस, याची त्याला अशी काही लाज वाटली, की त्याने हात धुतले, शर्ट बदलला आणि गाडी घेऊन तो सरांच्या घरी निघाला.

सर ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. सुकेशनी नुकतीच तोंड धुऊन आली होती. सरांच्या पत्नी चांगुणाबाईंनी पाणी दिलं. गाडीखाली कोरडं आहे हे सरांनी वाकून दोनदा पाहिलं आणि कौतुकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात योगीराजला सहन होईना.

"सर, दगड लागलाच नव्हता," तो म्हणाला. "ते मी खोटं बोललो. माझ्याच पान्यानं चेंबर वाकलंय. लय आवळलं मी. माणिकरावांपुढं इज्जत जाईल म्हणून ताईवर ढकललं. ताई, तुमी मला काय बोलायचं ते बोला."

चांगुणाबाईंना ते उमगायला जरा वेळ लागला. मग त्यांचे डोळे भरून आले. चार महिने त्या लेकीला टोचत होत्या, की तू गाडी पळवतेस, बापाच्या जिवाचा विचार करत नाहीस. त्यांनी सुकेशनीचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"मी तुला काय काय बोलले गं," त्या म्हणाल्या. "अन् तू ऐकून घेतलंस."

सुकेशनी त्यांच्या हातांतून वडिलांकडे पाहत होती.

सरांनी चष्मा काढला. "दगडाची खूण कुठंच नाही?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, सर. चेंबरला न्हाई."

"नीट पाहिलंस?"

"धुऊन, पुसून पाहिलं."

सर चष्म्याची काच धोतराच्या टोकाने पुसत राहिले. योगीराजला वाटलं, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण सरांनी फक्त मान हलवली. बरं झालं सांगितलंस, म्हणाले, असं कबूल करायला धाडस लागतं. तो शब्द उच्चारताना त्यांचा आवाज जरा खाली गेला. मग त्यांनी योगीराजच्या हातातली किल्ली घेऊन लेकीपुढे धरली.

"सुकेशनी, याला गॅरेजपर्यंत सोडून ये. उद्यापासून गाडी तूच नेत जा."

तिने किल्ली घेतली. घेताना जरा थांबली, काहीतरी ऐकायचं राहिलंय तशी. सर उठून आत गेले.

ती गाडी बेतानं चालवत होती. खड्डा आला की आधीच वेग कमी करायची. नवा हात म्हणावा असं काही त्यात नव्हतं, हे योगीराजला आता शेजारी बसल्यावर कळत होतं. गाडी आठवडी बाजाराची गर्दी ओलांडून पुढे आली. तेव्हा तो म्हणाला, की माफी मागून काही चार महिने परत येत नाहीत, तरी पण...

"गाडी लागली होती, दादा," सुकेशनी म्हणाली.

त्याला कळेना.

"खरंच लागली होती. तुमी दगड म्हणलात ना, त्याच्या आठ दिवस आधी. चारठाण्याच्या लग्नाहून येत होतो. पुलाचं काम चालू होतं, तिथं बाजूच्या दगडावर चढली. मागं सायलेन्सरला घासली, लय आवाज झाला."

"तुमच्या हातनं?"

"बाबा चालवत होते. मी शेजारी बसलेली. आई मागं झोपलेली, तिला कळलंच नाही."

योगीराजच्या डोळ्यांपुढे गॅरेजचं दार आलं आणि दारातून वडिलांकडे पाहणारी ती. तेव्हा चोरी सापडलेलं माणूस कोण होतं, ते त्याला आज उमगलं.

"मग ताई, तवाच का न्हाई बोलल्या?"

"बाबा बोलतील म्हणून." तिने समोरच्या बैलगाडीला जाऊ दिलं. "शाळेत पोरांना खरं बोला म्हणून सांगत आले जन्मभर. मला वाटलं, आज नाही तर उद्या बोलतील. चार महिने वाट बघायले. परवा जेवताना म्हणाले, सुकेशनी, तुला एक सांगायचंय. मग भाकरीच मागितली. काल पुन्हा तसंच झालं. मला वाटलं, आता जवळ आलंय त्यांच्या."

गॅरेजपाशी तिने गाडी कडेला घेतली. योगीराजने दार उघडलं, पण त्याला उतरवेना.

"मी माघारी येतो," तो म्हणाला. "सरांना म्हणतो, माझं पाहण्यात चुकलं. खूण हाय म्हणतो. मग तरी..."

"नका, दादा." तिचा आवाज चढला नव्हता. "दगड लागलाच नव्हता म्हणून तुमीच सांगून आलात. आता त्यांना काही सांगायचं कारणच उरलं नाही. तुमी आणखी काही करू नका."

योगीराज उतरला आणि दार त्याने जोर न लावता, दोन बोटांनी लोटलं.