भोंगा आणि अर्धी दाढी

"विभाग हवेत, माणसं हवीत, निदान एक भोंगा तरी हवा. त्याला कारखाना म्हणतात," असं आमचा माल घेऊ पाहणाऱ्या एका कंपनीचा खरेदी अधिकारी सहज बोलून गेला आणि माझ्या सासूबाईंनी ते फार मनावर घेतलं.

आमचा धंदा दाढीच्या ब्रशांचा. घराच्या पुढच्या खोलीत सासूबाई, मी आणि शेजारच्या दोघी केसांच्या जुड्या बांधायचो आणि वितळवलेल्या राळेनं त्या दांड्यात बसवायचो. लाकडी दांडे समोरचा कातारी करून द्यायचा, खोकी पलीकडचा पुठ्ठेवाला. गल्लीच्या तोंडाशी न्हावी होता. तो प्रत्येक नवा नमुना गिऱ्हाइकाच्या गालावर फिरवून बघायचा. एक जरी केस गळाला, तरी ब्रश परत.

माल बरा खपायचा, पण खोली आमची नव्हती. ती सासऱ्यांच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे काकांच्या नावावर होती. काकांना ती सिमेंटवाल्याला गोदामासाठी द्यायची होती.

"वहिनी, कंपनीचं काम मिळालं तर राहा सुखानं," ते म्हणाले. "नाहीतर महिनाअखेरीला हा केसांचा पसारा उचला. जेवताना घासात केस येतो माझ्या."

"तुमच्या डोक्यावरचा तर नसणार, भावजी," सासूबाई म्हणाल्या. काकांचं डोकं तेव्हाच तांब्यासारखं चकचकीत झालं होतं.

अधिकारी पाहणीला येणार असं ठरलं, तशा सासूबाई भंगारवाल्याकडे गेल्या आणि हातानं फिरवायचा एक जुना भोंगा घेऊन आल्या. गल्लीत निरोप गेला: भोंगा वाजला की जेवणाची सुट्टी झाल्यासारखं सगळ्यांनी बाहेर यायचं. काकांना तेवढं कुणी काही सांगितलं नाही. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे.

अधिकारी आला. काटकुळा, काखेत छत्री. सासूबाईंनी त्याला आमच्या खोलीत नेलं. "हा जुडी विभाग." मग रस्ता ओलांडून कातारीकडे. "हा लाकूड विभाग." पुठ्ठेवाला तर आधीच ताठ उभा होता.

"विभाग जरा लांब लांब आहेत," अधिकारी म्हणाला.

"आगीची भीती. राळ असते ना," सासूबाई म्हणाल्या.

"आणि उपाहारगृह?"

त्यांनी चहाच्या टपरीकडे बोट केलं आणि मला डोळ्यानं खुणावलं. मी भोंगा फिरवला. आधी तो नुसता खोकला, मग असा केकाटला की टपरीखाली झोपलेली कुत्री शेपूट घालून पळाली. माणसं भराभर बाहेर आली. ज्यांचा आमच्याशी काही संबंध नव्हता तीसुद्धा आली. आणि सगळ्यात शेवटी न्हाव्याच्या दुकानातून, गळ्यात पंचा, अर्ध्या तोंडाला फेस, अशा अवतारात काका धावत आले.

"कुठे आग लागली?"

अधिकाऱ्यानं छत्री त्यांच्याकडे रोखून विचारलं, "हे कोण?"

"तपासणी विभाग," सासूबाई पापणी न हलवता म्हणाल्या. "माल आधी यांच्या गालावरून जातो, मग बाहेर."

काकांनी तोंड उघडलं. एका शब्दात त्यांची खोली मोकळी झाली असती. पण तेवढ्यात अधिकारी अदबीनं पुढे झाला. "मग साहेब, आपलं काय मत आहे मालाबद्दल?"

काकांना उभ्या जन्मात कुणी साहेब म्हटलं नव्हतं. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, अधिकाऱ्याकडे पाहिलं, आणि पंचा नीट केला.

"केस गळत नाहीत," ते म्हणाले. "पण दांडा आखूड आहे. फेस मनगटावर ओघळतो. सांगून सांगून थकलो, इथे माझं ऐकतो कोण?"

"मला कधी सांगि—" कातारी उसळला. सासूबाईंनी त्याच्या पायावर पाय दिला.

अधिकारी मात्र खूश झाला. "स्वतःच्याच मालात खोट काढणारा माणूस मी आज पहिल्यांदाच बघितला. दांडा वाढवा. काम तुमचं. फक्त दर खेपेचा माल साहेबांनी तपासलेला पाहिजे." जाता जाता तो हळूच म्हणाला, "आणि बाई, तपासणी विभागाची उरलेली दाढी तेवढी उरकून घ्या."

त्याला किती कळलं होतं, ते मला या वयातही सांगता येणार नाही.

सिमेंटवाला नंतर एकदा आला होता. काकांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. "कारखान्याच्या आवारात परवानगीशिवाय यायचं नाही." रोज सकाळी भोंगाही तेच फिरवू लागले. गल्ली त्यावर उठायची, टपरीवाला त्यावर आधण ठेवायचा. मग काका न्हाव्याच्या खुर्चीत बसायचे, एका गालाला एक ब्रश, दुसऱ्याला दुसरा, आणि कातारीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात दांड्यात खोट काढायचे. त्यांचे गाल कायम लालबुंद असायचे.

एका रविवारी सकाळीच भोंगा केकाटला. सासूबाई डोळे चोळत दारात गेल्या.

"भावजी, आज कारखाना बंद असतो."

काका पंचा गळ्यात अडकवून तयार उभे होते.

"असेल," ते म्हणाले. "पण नव्या दांड्याबद्दल मला काही बोलायचंय."